हेगचे पंच आणि मार्सेलिसचा किनारा

आंतरराष्ट्रीय कायदा हे शब्द कानी पडले, की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की ज्यामागे शिपायाचा दंडुका नाही, त्याला कायदा म्हणावे तरी कसे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण इतिहासालाच विचारू.

रशियाचा सम्राट दुसरा निकोलस याच्या पुढाकाराने १८ मे १८९९ रोजी हॉलंडातील हेग येथे २६ राष्ट्रांची शांतता परिषद भरली. शस्त्रास्त्रांची वाढ रोखावी, हा तिचा मूळ हेतू. तो सफल झाला नाही. परंतु शरीरात शिरून पसरणाऱ्या गोळ्या वापरू नयेत, असा जाहीरनामा तेथे निघाला. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्याचे नाव ज्यांना चिकटले, त्याच या गोळ्या! शिवाय राष्ट्राराष्ट्रांतील तंटे तोडण्यासाठी स्थायी लवाद न्यायालय स्थापन झाले. परिषदेत जपान, चीन, इराण, सयाम होते, हिंदुस्थान नव्हता. परतंत्र देशाला तेथे आसन कोठून मिळणार?

या न्यायालयाची एक कसोटी आपल्याच माणसाच्या प्रकरणात लागली. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर यांनी मार्सेलिस बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गाठला. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. फ्रान्सने त्यांना परत मागितले आणि दोन्ही सरकारांनी हा तंटा हेगच्या पंचांपुढे नेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी पाच पंचांनी निकाल दिला : अटकेत व हवाली करण्यात अनियमितपणा घडला खरा, परंतु तेवढ्यावरून कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही.

येथे आपण नीट पाहिले पाहिजे. दोन बलाढ्य सत्ता दंडुक्यावाचून पंचांपुढे आल्या, म्हणजे शिपाई नव्हता म्हणून न्याय अडला, असे नव्हे. वाद फ्रान्स आणि ब्रिटन यांचा होता. ज्याच्या आयुष्याचा निवाडा होत होता, तो माणूस त्यात पक्षकारच नव्हता.

आज हेगच्या शांतिप्रासादात आंतरराष्ट्रीय न्यायालय बसते. तेथेही पक्षकार म्हणून केवळ राष्ट्रेच उभी राहू शकतात. पंचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो; पण त्या परमेश्वरापुढे गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार कोणाला, हेच आपण प्रथम विचारले पाहिजे.