प्रथिनातलं मीठ

बहुतेक प्रथिनं साध्या पाण्यात नीट राहत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत ती खारट बफरमध्ये ठेवतात, साधारण आपल्या रक्ताइतक्या खारट. अशा बफरमध्ये प्रथिन एक मायक्रोमोलर असेल, तर त्याच्या एका रेणूमागे सोडियमचे सुमारे दीड लाख आयन असतात. हा नमुना तसाच मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्रात, सोडला, तर प्रथिनाचा आवाज मिठाच्या गोंगाटात बुडून जातो. त्यातून सोडियम प्रथिनाला चिकटतो. एका हायड्रोजनच्या जागी एक सोडियम बसला की वजन 22 डाल्टनने वाढतं, पोटॅशियम बसला तर 38 ने. कुठल्या रेणूला एक चिकटतो, कुठल्याला चार. जिथे एकच टोकदार शिखर दिसायला हवं तिथे पसरट टेकाड उभं राहतं.

म्हणून आधी मीठ काढायचं. आज हे काम काही मिनिटांत आटोपतं आणि शोधनिबंधात त्याला जेमतेम एक ओळ मिळते. त्या ओळीच्या मागे जात राहिलं की आपण दीडशेहून अधिक वर्षं मागे, आणि पुन्हा पुन्हा ब्रिटनमध्ये, जाऊन पोहोचतो. वाटेत भेटणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात मास स्पेक्ट्रोमीटर नव्हता. त्यांना दुसरंच काही हवं होतं.

पहिला माणूस थॉमस ग्रॅहम. जन्म 1805, ग्लासगो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक, आणि 1855 पासून शाही टांकसाळीचा प्रमुख. न्यूटनने एकेकाळी सांभाळलेलं पद. टांकसाळीचा कारभार पाहत असतानाच 1861 मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे एक दीर्घ निबंध मांडला. गटापर्चाचं एक कडं, त्याच्या तळाला ताणून बसवलेला पार्चमेंट कागद, आणि ते कडं पाण्यावर तरंगत ठेवलेलं, एवढंच त्याचं उपकरण. कड्यात द्रावण ओतलं की मीठ, साखर, युरिया कागदातून खालच्या पाण्यात उतरतात. डिंक आणि अंड्याचा पांढरा बलक वरच राहतात. या क्रियेला त्याने डायलिसिस म्हटलं. आपल्याकडे घरोघरी मूत्रपिंडाच्या आजारामुळे ओळखीचा झालेला शब्द तो हाच.

त्या निबंधातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा आहे. ग्रॅहमने बलकात ॲसेटिक आम्ल घातलं, मिश्रण कड्यात ठेवलं आणि तीन-चार दिवस वाट पाहिली. क्षार निघून गेल्यावर उरलेलं अल्ब्युमिन त्याने जाळून पाहिलं. मागे राख उरली नाही. राख म्हणजे न जळणारे क्षार. ती नाही म्हणजे प्रथिन स्वच्छ. प्रथिनातून मीठ काढणं आणि ते खरोखर निघालं का याची कसोटी लावणं, दोन्ही गोष्टी तिथे एकत्र आहेत. आजच्या कामाचं मूळ मी इथे धरतो.

पार्चमेंट कागदाची जागा पुढे सेल्युलोजच्या नळीने घेतली. त्या सेल्युलोजचा रस्ताही लंडनवरूनच जातो. 1892 मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी व्हिस्कोजचं पेटंट घेतलं, आणि त्याच प्रक्रियेतून पुढे सॉसेजची कृत्रिम आवरणं निघाली. शिकागोच्या एका कंपनीची ही आवरणं व्हिस्किंग ट्युबिंग या नावाने ब्रिटिश शाळांत अजून वापरात आहेत. तिथे वाढलेल्या मराठी मुलांनीही जीवशास्त्राच्या तासाला या नळीत स्टार्च आणि ग्लुकोज भरून काय बाहेर येतं ते पाहिलेलं असतं. एकच अडचण: डायलिसिसला रात्र जाते, आणि नमुना थोडा असेल तर नळीतच हरवतो.

लीड्सलाही मिठाचा त्रास होता. तिथल्या लोकरउद्योग संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी करत होते. कागदावरच्या क्रोमॅटोग्राफीत मीठ असलं की ठिपके फिसकटत. 1947 मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी विजेवर चालणारं मीठ काढायचं उपकरण वर्णन केलं. त्यात ऋण ध्रुव पाऱ्याचा होता. सोडियम पाऱ्यात विरघळून जाई. युक्ती नामी होती, पण 1951 मध्ये अमेरिकेत स्टाइन आणि मूर यांनी दाखवून दिलं की या उपकरणात आर्जिनीनचं ऑर्निथीन होतं. मीठ काढताना नमुनाच बदलत होता. ही धास्ती या कामाला कायमची चिकटली, आणि ती रास्तच होती.

यानंतरचा टप्पा कोणाला फारसा आठवत नाही. लंडनचं क्वीन शार्लट प्रसूतिरुग्णालय, 1955. तिथल्या प्रयोगशाळेत ग्रँट लेथ आणि सी. आर. जे. रुथवेन यांनी पाण्यात फुगवलेल्या स्टार्चचा कॉलम भरला आणि त्यातून वेगवेगळ्या आकारांचे रेणू सोडले. मोठे रेणू आधी बाहेर आले, लहान मागे रेंगाळले. जत्रेत मोठी माणसं रस्त्याने सरळ पुढे जातात आणि पोरं प्रत्येक दुकानात शिरतात, तसं. लहान रेणू स्टार्चच्या कणांत आत-बाहेर करत राहतात, मोठ्यांना आत शिरताच येत नाही. 1956 च्या बायोकेमिकल जर्नलमध्ये हे सविस्तर आलं. पण स्टार्च मऊ, त्यातून पाणी सावकाश वाहतं. तीन वर्षांनी स्वीडनमधल्या उप्सालात पोराथ आणि फ्लोडिन यांनी तेच तत्त्व जाळीदार डेक्स्ट्रानवर उभं केलं, त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच मीठ काढण्याचा उल्लेख होता, आणि सेफाडेक्स नावाने ते जगभर विकलं गेलं. रात्रीचं काम मिनिटांवर आलं. श्रेय मात्र बहुतेक वेळा उप्सालाच्या पदरात पडतं. प्रसूतिरुग्णालयातल्या त्या स्टार्चच्या कॉलमला पाठ्यपुस्तकांत याहून मोठी जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी शाखा पुन्हा मार्टिनची. 1950 मध्ये, लंडनमध्ये, त्याने हॉवर्डबरोबर स्निग्धाम्लं वेगळी करण्यासाठी उलटी चाल केली: कॉलममधली माती सिलेनची वाफ देऊन पाण्याला नकोशी केली. अशा पृष्ठभागावर तेलकट स्वभावाचं काहीही चिकटतं. पेप्टाइड चिकटतात, मीठ पाण्याबरोबर वाहून जातं. पुढे अठरा कार्बनची साखळी लावलेली सिलिका आली. पिपेटच्या टोकात आज तिचाच थेंबाएवढा थर असतो: नमुना ओढायचा, आम्लाच्या पाण्याने धुवायचं, आणि ॲसिटोनायट्राइलने पेप्टाइड सोडवून घ्यायचे.

वजन करणाऱ्यांची वंशावळ या सगळ्यापासून दूर वाढत होती. केंब्रिजच्या कॅव्हेंडिशमध्ये जे. जे. थॉमसनला निऑनची दोन वजनं दिसली, 1919 मध्ये ॲस्टनने आपलं यंत्र उभारलं. पण त्या यंत्रांना वाफ लागे, आणि प्रथिन वाफ होण्याआधीच करपतं. 1981 मध्ये मँचेस्टरला मायकेल बार्बरने नमुना ग्लिसरीनमध्ये मिसळून त्यावर वेगवान अणूंचा मारा केला, आणि लवकरच अख्खं इन्सुलिन यंत्रात उडालं. त्याच दशकात अमेरिका, जर्मनी आणि जपानमधून फवाऱ्याच्या आणि लेझरच्या पद्धती आल्या. थेट द्रावणातून प्रथिन उचलायचं ठरलं तसं द्रावणातलं मीठही समोर आलं, आणि वजन करणाऱ्यांना मीठ काढणाऱ्यांच्या दारात जावं लागलं.

तिथे एक नवा पेच पडला. पिपेटच्या टोकातल्या कॉलममधलं आम्ल आणि ॲसिटोनायट्राइल प्रथिनाची घडी मोडतात. ऑक्सफर्डच्या कॅरल रॉबिन्सन यांना घडी शाबूत हवी होती. प्रथिनांचे एकमेकांत गुंतलेले समूह अख्खे तोलायचे होते. म्हणून या शाखेत मीठ काढून त्या जागी अमोनियम ॲसिटेट भरतात, जे फवाऱ्यात अमोनिया आणि ॲसेटिक आम्ल होऊन उडून जातं. अदलाबदल होते ती जेलच्या छोट्या कॉलममधून किंवा पातळ पडद्यातून. म्हणजे लेथ-रुथवेनची आणि ग्रॅहमचीच रीत.

पण सगळं मीठ परकं नसतं. ऑक्सफर्डमध्येच डोरोथी हॉजकिन यांनी 1969 मध्ये उलगडलेल्या इन्सुलिनच्या स्फटिकात सहा रेणू जस्ताच्या दोन आयनांभोवती जमलेले आहेत. तेच इन्सुलिन आम्लाने धुतलं तर जस्त सोडियमबरोबर निघून जातं, षट्क विस्कटतं, आणि यंत्र सुमारे 5,800 डाल्टनचा सुटा रेणू दाखवतं. अमोनियम ॲसिटेटमध्ये हळुवारपणे अदलाबदल केली तर सहाही जण जस्तासकट तोलता येतात. कुठला आयन घालवायचा आणि कुठला राखायचा, हे प्रत्येक नव्या प्रथिनासाठी काम करणाऱ्या माणसाला पहिल्यापासून ठरवावं लागतं.