पूर पाहण्याची रीत: उल्हास आणि वालधुनीच्या काठचा इतिहास

वादळाचा पाठलाग हा छंद मूळचा अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट प्रदेशाचा असून, ढगापासून जमिनीपर्यंत टेकणारी व वाटेतील सर्व काही उचलून फेकणारी उग्र वावटळ, म्हणजेच टोर्नेडो, गाडीने गाठून जवळून पाहणे हे त्याचे स्वरूप आहे. 1956 मध्ये डेव्हिड होडली याने नॉर्थ डकोटात सुरू केलेल्या भटकंतीपासून या छंदाचा इतिहास सांगितला जातो आणि 1970 च्या दशकात ओक्लाहोमातील संशोधकांनी त्याला मोजमापाची शिस्त दिली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात तसे मैदान नाही आणि तशा वावटळीही नाहीत. येथे वादळाला गाठावे लागत नाही, ते घाटावरून पाण्याच्या रूपाने स्वतःच खाली येते. त्यामुळे या भागातील थराराची रीत ‘पूर बघायला जाणे’ या साध्या शब्दांत मावते, आणि तिचा इतिहास लिहायचा तर आधी दोन नद्यांचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

उल्हास नदी राजमाची-लोणावळ्याच्या डोंगरांतून उतरून कर्जत, बदलापूर, कल्याणमार्गे खाडीला मिळते, तर वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावून उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. वालधुनी लांबीने लहान आहे, आणि लहान नदीचा पूर मोठ्या नदीच्या पुरापेक्षा लवकर चढतो व लवकर ओसरतो, म्हणून तिचा इशारा देण्यास वेळ थोडा मिळतो. तिच्याच काठी शके 982, म्हणजे इसवी सन 1060 मध्ये, अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहिले; त्यातील गाभारा पायऱ्या उतरून खाली गेल्यावर लागतो. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, 1949 मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि छावणीचे भाग आजही कॅम्प 1 ते कॅम्प 5 म्हणून ओळखले जातात. कॅम्प 4 हा पत्ता सांगणाऱ्याला तो लष्करी हिशोबाचा अवशेष आहे हे क्वचितच आठवत असेल. वस्ती दाट झाली, नदीची पात्रे आक्रसली, आणि पूर बघायला जाणारा व पुरात सापडणारा यांच्यातील अंतर काही पावलांवर आले.

26 जुलै 2005 रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्याच वेळी कुलाब्यात तो जेमतेम 74 मिलिमीटर होता. एकाच शहरातील या तफावतीने हे उघड केले की दूरच्या वेधशाळेचा आकडा जवळच्या नदीबद्दल फार काही सांगत नाही. त्या दिवशी उल्हासने बदलापूर व कल्याणच्या सखल भागांत पाणी घातले. पुढे 2010 मध्ये कुलाब्यात आणि 2022 मध्ये वेरावली येथे डॉप्लर रडार बसले; ढगातील थेंबांवरून परतणाऱ्या लहरींच्या फरकावरून पाऊस कोणत्या वेगाने, कोणीकडे सरकतो आहे हे ते सांगते. मात्र काठावरच्या माणसाला उपयोगी पडते ती बदलापूरच्या नदीकाठची पातळी: 16.50 मीटरला इशारा, 17.50 मीटरला धोका. नदीकाठच्या चौपाटीवर गर्दी करणाऱ्यांपैकी बहुतेकांना गढूळ पाण्याचा वेग तेवढा दिसतो. हे दोन आकडे ठाऊक असलेला प्रेक्षक मात्र पाहता पाहता मागे सरतो. बदलापुरात खासगी हवामान केंद्र चालवून पावसाच्या नोंदी ठेवणारे हौशी अभ्यासक याच दुसऱ्या जातीचे, आणि पाठलागाला विद्येचे रूप त्यांच्यामुळे येते.

27 जुलै 2019 च्या घटनेत हा फरक कसोटीला लागला. मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि तिच्यातील सुमारे 1,050 प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, वायुदल व स्थानिकांनी बाहेर काढले. चहूकडे पाणी दिसत असताना बोगीत बसून राहणे अस्वस्थ करणारे असते. तरीही गाडीतून उतरू नये, गाडी हीच सुरक्षित जागा आहे, असा रेल्वेचा सल्ला होता, आणि तो योग्य होता, कारण रुळांलगत पाण्याखाली काय आहे ते कोणालाच दिसत नव्हते. वादळाच्या पाठलागाच्या मूळ भूमीतही असेच घडले होते: ओक्लाहोमातील एल रेनो येथे 31 मे 2013 रोजी टिम सॅमरस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे अनुभवी संशोधक टोर्नेडोत मरण पावले. म्हणजे अनुभव असलेल्यालाही अंतर चुकते.

बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या कुंडावर दर पावसाळ्यात अंतराचा हाच हिशोब नव्याने होतो. धबधब्याखालील पाणी वरून शांत दिसते, डोंगरात झालेली सर मात्र थोड्या वेळाने तेथे पोहोचते, आणि तोवर उतरलेला माणूस बाहेर निघण्याची वाट हरवून बसतो. म्हणून प्रशासन धबधबे आणि धरणांच्या परिसरात पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 अन्वये, आणि 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 अन्वये मनाई आदेश काढते. हे आदेश निघाले की बातमी होते, ते मोडल्याचीही बातमी होते, आणि अग्निशमन दलाचे जवान दोर घेऊन त्याच कुंडावर जातात.