कोरीव अक्षराची छाया : शिळालेख, ठसा आणि संगणकीय शिळाप्रभाव (वर्धा परिसराच्या संदर्भात)

बीजशब्द : शिळालेख, ताम्रपट, ठसा, पेटिकाशीर्षक लिपी, गीताई मंदिर, छायाचित्र-संस्करण

प्रास्ताविक

स्मरणिकेचे मुखपृष्ठ, चर्चासत्राचा फलक, संस्थेच्या वर्धापनदिनाची पत्रिका अशा ठिकाणी दगडात कोरल्यासारखी भासणारी अक्षरे आता नित्याची झाली आहेत. ती कोणत्याही पाथरवटाने कोरलेली नसतात. छायाचित्र-संस्करणाच्या संगणकप्रणालीत दगडाच्या पोताचे चित्र घेऊन त्यावर अक्षरांच्या कडांना उजेड आणि सावली दिली, की खोलीचा आभास निर्माण होतो. सजावटीपुरता हा प्रकार निरुपद्रवी आहे. परंतु हीच साधने आता प्रत्यक्ष शिलालेखांच्या छायाचित्रांवर, 'अक्षरे उठून दिसावीत' म्हणून वापरली जातात, आणि तेथे प्रश्न इतिहासाच्या साधनांचा होतो. कोरीव लेखन, त्याची नक्कल घेण्याच्या पद्धती आणि संगणकीय शिळाप्रभाव यांचा परस्परसंबंध वर्धा व लगतच्या परिसरातील उदाहरणांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

वर्धा परिसरातील कोरीव साधने

वर्धा जिल्हा वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेच्या राज्यात मोडत होता. जांब व बेलोरा येथे सापडलेले दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपट याची साक्ष देतात. धाम नदीच्या काठचे पवनार हेच त्याचे प्रवरपूर होय, असे मत म. म. वा. वि. मिराशी यांनी मांडले. पुढे १९६७ मध्ये शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खननही केले. वाकाटक लेखांची लिपी 'पेटिकाशीर्षक' म्हणून ओळखली जाते. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक लहानशी चौकट असते आणि ती कोरताना हत्याराला थोडीशी अधिक खोली, थोडासा अधिक वेळ द्यावा लागतो. लिपीचे हे वैशिष्ट्य कागदावर रेखाटले तर केवळ एक चौकोन दिसतो. धातूवर किंवा दगडावर मात्र तो एक खळगा असतो. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

देवळी येथील राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा शके ८६२ (इ. स. ९४०) चा ताम्रपट रा. गो. भांडारकर यांनी 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केला. त्यात 'नागपुर-नंदिवर्धन' या प्रदेशविभागाचा निर्देश आहे. नागपूर या नावाच्या प्राचीनतेची चर्चा ज्या उल्लेखापाशी येऊन थांबते तो हाच. एका मोठ्या शहराच्या नावाचा पुरावा तांब्यावरील मोजक्या खाचांवर अवलंबून असतो, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने सहज विसरू नये.

चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिळा तर अधिक बोलकी आहे. एकाच दगडावर दोन लेख आहेत : एक अशोककालीन वळणाच्या ब्राह्मीतील, दुसरा वाकाटक पहिल्या रुद्रसेनाच्या काळचा. दोहोंमध्ये काही शतकांचे अंतर. हात वेगळे, हत्यार वेगळे, झीज वेगळी. डोळ्यांपुढे मात्र पृष्ठ एकच.

याउलट वर्ध्याच्या गोपुरी परिसरातील गीताई मंदिर. विनोबा भावे यांनी १९३०-३१ मध्ये सिद्ध केलेली 'गीताई' १९३२ मध्ये प्रथम प्रकाशित झाली. तिचे अठराही अध्याय ग्रॅनाइटच्या उभ्या शिळांवर कोरून हे छप्पर नसलेले, मूर्ती नसलेले मंदिर उभे राहिले व १९८० मध्ये विनोबांच्याच हस्ते त्याचे उद्घाटन झाले. येथे दगड हा स्मारक आहे. संहितेचा एकमेव साक्षीदार नव्हे. एखादी शिळा उद्या भंगली तरी संहितेतील एकही मात्रा संशयास्पद होणार नाही, कारण ती असंख्य छापील प्रतींत सुरक्षित आहे. देवळीच्या पत्र्याची किंवा देवटेकच्या शिळेची गोष्ट तशी नाही. तेथे खाच गेली म्हणजे अक्षर गेले, आणि अक्षर गेले म्हणजे पुरावाच गेला. कोरीव लेखांचे हे दोन वर्ग वेगळे न केल्यामुळेच पुढचा घोटाळा होतो.

नक्कल घेण्याच्या पद्धती

प्रारंभीचे अभ्यासक लेख डोळ्यांनी पाहून हाताने उतरवीत. कनिंगहॅम यांच्या १८७७ च्या अशोकलेखांच्या खंडातील पट्ट हाताने रेखाटलेल्या नकलांवरून केलेले होते. हुल्ट्झ यांनी १९२५ मध्ये त्याच खंडाची नवी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा तिला ठशांची यांत्रिक प्रतिरूपे जोडली. या अर्धशतकात जे बदलले ते लिपीचे ज्ञान एवढेच नव्हे. वाचकाला जे दिसावेसे वाटते ते रेखाटण्याची मुभाच काढून घेण्यात आली.

ठशाची कृती साधी आहे. दगड धुऊन त्यावर ओला कागद बसवितात, ब्रशने ठोकून तो खाचांत उतरवितात आणि किंचित सुकल्यावर शाईच्या बोंडाने वरून हलकेच थापतात. उंच भागाला शाई लागते, खाचेतील कागद कोरा राहतो. काळ्या भूमीवर पांढरी अक्षरे उमटतात. अर्थात दगडाचा टवकाही पांढराच उमटतो. अनुस्वार आणि टवका यांतील भेद ठसा सांगत नाही. पण ठसा दगडाला स्पर्श करून घेतलेला असतो. त्यात जे पांढरे आहे तेथे दगडात खरोखर खळगा आहे, एवढी हमी तो देतो. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील शिलालेखाच्या वर्षांकाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. शं. गो. तुळपुळे यांनी तो शके ९३४ असा वाचला व त्यामुळे या लेखाला आद्य मराठी लेखाचा मान मिळाला. झिजलेल्या दोन-तीन अंकांच्या वाचनावर भाषेच्या इतिहासातील केवढे विधान उभे असते, हे यावरून दिसेल.

संगणकीय प्रभावाचे स्वरूप

फोटोशॉप ही प्रणाली १९९० मध्ये बाजारात आली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'लेअर' म्हणजे स्तर आले आणि १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत स्तरांना द्यावयाचे 'बेव्हल अँड एम्बॉस', 'इनर शॅडो' यांसारखे तयार प्रभाव. पद्धत अशी : खाली दगडाचे छायाचित्र, वर अक्षरांचा स्तर; अक्षरांचा मूळ रंग पूर्ण पारदर्शक करावयाचा, आतील सावली द्यावयाची आणि कडांचा उतार 'खाली' करावयाचा. प्रकाशाचा कोन अनेक आवृत्त्यांत मुळातच १२० अंशांवर, म्हणजे वरच्या डाव्या बाजूस, ठेवलेला असे. त्यामुळे खाचेची वरची-डावी कड काळवंडते, खालची-उजवी उजळते आणि अक्षर आत गेल्यासारखे भासते.

हा भास का होतो, याचे उत्तर दगडात नाही, डोळ्यांत आहे. प्रकाश वरून येतो असे मानवी दृष्टी गृहीत धरते, हे व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मधील प्रयोगांतून सुस्पष्ट केले. म्हणूनच शिलालेखाचे छायाचित्र उलटे धरले तर कोरलेली अक्षरे उठावाची वाटू लागतात. सपाट पृष्ठावर खडबडीतपणा दाखविण्याचे गणितही याच गृहीतावर चालते. जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पृष्ठ जसेच्या तसे राहते. केवळ प्रकाशाचा हिशोब करताना त्या पृष्ठाची दिशा बदलल्याचे मानले जाते. सावली खरी मिळते, खोली मात्र कोठेच नसते.

जाणकार पाथरवटाला ही नक्कल चटकन ओळखता येईल. छिन्नी दगडाचा कण फोडते. संगणकीय अक्षरात मात्र दगडाचा पोत खाचेच्या तळाशीही अखंड वाहत जातो. इंग्रजी व्ही आकाराची खाच एकाच उतारावर घेतली तर रुंद रेघ अधिक खोल जाते. प्रणालीतील 'चिझल हार्ड' हा पर्याय रेघेच्या मध्यापर्यंत उतार नेऊन हे साधतो, पण आकार कमी ठेवला तर तळ सपाट राहतो. शिवाय आजच्या कोनशिलांवरील बरीच अक्षरे छिन्नीची नसतातच. गुळगुळीत ग्रॅनाइटवर चिकटपट्टीचा साचा लावून वाळूचा झोत मारतात. तेथे अक्षर दिसते ते सावलीमुळे कमी आणि चकचकीत व खरखरीत पृष्ठांतील फरकामुळे अधिक. देवनागरीसाठी हा साचा जिकिरीचा असतो. फॉन्टमधील काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र तुकडे म्हणून एकमेकांवर चढलेले असतात; ते आधी एकसंध केले नाहीत तर यंत्र शिरोरेषेतच काप घेते. 'व', 'ब', 'ष' यांच्या पोटातील बेटे निसटली तर अक्षर बुजून जाते. नागरीतील अशुद्ध कोनशिलांची चेष्टा करणाऱ्यांनी या अडचणीही ध्यानात घ्याव्यात.

साधन म्हणून वापराच्या मर्यादा

गीताईसारख्या ज्ञात संहितेला किंवा महाविद्यालयाच्या बोधवाक्याला असा प्रभाव दिला तर हानी काहीच नाही. अज्ञात किंवा झिजलेल्या लेखाच्या छायाचित्रावर मात्र हेच फिल्टर उलट काम करतात. 'एम्बॉस' फिल्टर छायाचित्रातील प्रत्येक रंगभेदाला खोलीचा भेद मानतो. शेवाळाचा डाग, चुन्याचा ओघळ, शेंदराचे पूट या सर्वांना तो कडा देतो. देवटेकसारख्या शिळेवर तो दोन काळांच्या दोन खोल्या एकाच मापाने दाखवील. असे चित्र डोळ्यांना ठशापेक्षा अधिक पटते, हाच त्याचा धोका आहे. एका अर्थाने हाताने रेखाटलेल्या जुन्या नकलेकडे हे परतणे आहे. फरक इतकाच, की त्या नकलेवर करणाऱ्याचे नाव तरी असे.

क्षेत्रकार्यातील जुनाच उपाय येथे अधिक उपयोगी पडतो : सकाळी वा सायंकाळी तिरप्या उन्हात, अथवा आरशाने ऊन वळवून, एकाच जागेवरून अनेक छायाचित्रे घेणे. अक्षराची खाच असेल तर प्रकाश फिरताच तिची सावली बाजू बदलते; डाग जागचा हलत नाही. टॉम माल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ह्यूलेट पॅकार्डच्या प्रयोगशाळेतून मांडलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. स्थिर कॅमेरा आणि दर वेळी वेगळ्या दिशेने येणारा प्रकाश अशी अनेक छायाचित्रे एकत्र करून नंतर पडद्यावर हवा तसा प्रकाश फिरविता येतो. तिच्या पुढील सुधारित रूपात लेखाशेजारी चकचकीत काळे गोळे ठेवतात व त्यांवरील प्रकाशबिंदूवरून प्रत्येक छायाचित्रातील प्रकाशाची दिशा काढली जाते. कॅमेरा, तिकाटणे, एक प्रखर दिवा आणि असे दोन गोळे एवढी सामग्री पदव्युत्तर विभागांच्या आवाक्यात आहे. मूळ, असंस्कारित छायाचित्रे जपून ठेवणे आणि प्रत्येकाशी दिनांक, वेळ व प्रकाशाची दिशा नोंदविणे याला तर वेगळा खर्चही येत नाही. मात्र झिलई केलेल्या ग्रॅनाइटवर या पद्धतीला मर्यादा पडतात, कारण आरशासारखे परावर्तन हिशोब बिघडविते. ती फळते ती वऱ्हाड-विदर्भातील मंदिरांच्या चौकटींवरील आणि वीरगळांवरील काळ्या, निस्तेज पाषाणावर, जेथे वाचायचे बाकी असलेले लेखही आहेत.