‘प्रभात’चा अस्त : एक कारणमीमांसा

भोरच्या पश्चिमेकडील मावळांत आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत चित्रपट पोंचला तो तंबूंतून. आमच्या लहानपणीं, म्हणजे सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं, जत्रेच्या मैदानावर कनात उभी राही आणि अंधार पडतांच यंत्राच्या घरघरींत पडद्यावर तुतारी फुंकणारी ती तरुणी दिसूं लागे. ‘संत तुकाराम’ सुरू झाला कीं म्हाताऱ्या बायका पदर सांवरून हात जोडीत, ते शेवटपर्यंत सोडीत नसत. विष्णुपंत पागनीस त्यांच्या लेखीं नट नव्हतेच. ते प्रत्यक्ष तुकोबा होते. ज्या संस्थेची ती तुतारी, ती संस्था बंद पडून तोंवर जवळ जवळ दोन तपें लोटलीं होतीं, हें आम्हां मुलांस कोठून ठाऊक असणार? आणि तिचें स्वतःचें आयुष्यही दोनच तपांचें होतें : १९२९ ते १९५३.

इतकी लोकप्रिय संस्था इतक्या अल्पकाळांत कां मावळली? याचें आपल्याकडे एक ठराविक उत्तर दिलें जातें : शांताराम गेले आणि ‘प्रभात’ बुडाली. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे, असें मला वाटतें.

प्रथम ही संस्था कशी उभी राहिली तें पाहूं. १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत पांच भागीदारांनीं ती स्थापन केली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत तयार झालेले. पांचवे सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ, त्यांनीं पैसा पुरविला. चौघांपैकीं कोणाजवळही विद्यापीठाची पदवी नव्हती. होती ती हातांतील कला आणि एकमेकांवरील विश्वास. १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढून त्यांनीं मराठीस पडद्यावर वाचा दिली, आणि १९३३ सालीं संस्था पुण्यास आली.

येथें ‘प्रभात’च्या व्यवस्थेचें मर्म सांगितलें पाहिजे. नट, गायक, लेखक, चित्रकार, सुतार, रंगारी, सर्वच मासिक पगारावर. छायाचित्रण, ध्वनि, रसायनशाळा, नेपथ्य, सर्व कांहीं एका आवारांत. बहुतेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघत, त्यामुळें एकाच नेपथ्याचा खर्च दोन बाजारांतून वसूल होई. नटाच्या नांवावर चित्रपट चालत नसे, संस्थेच्या नांवावर चाले. कंपनींत किरकोळ कामें करणारी गौरी ही ‘संत तुकाराम’मध्यें जिजाई झाली आणि अजरामर झाली. त्याच चित्रपटासाठीं शांताराम आठवले यांनीं रचलेला अभंग अनेकांस तुकोबांचाच वाटला. १९३६ सालच्या या चित्रपटाचा पुढील वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला. ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘माणूस’ (१९३९) या चित्रपटांनीं तर जरठकुमारी विवाह आणि वेश्येचें जीवन हे विषय मध्यमवर्गीय कुटुंबांच्या बैठकींत आणून ठेवले.

परंतु या व्यवस्थेचा पाया कायद्यावर नव्हता, तर स्नेहावर होता. कंपनींतील नटीशीं भागीदारानें संबंध जोडूं नये, असा नियम भागीदारांनीं स्वतःस घालून घेतला होता, असें ‘प्रभात’विषयींच्या आठवणींत आढळतें. धायबरांनीं नलिनी तर्खड यांच्याशीं विवाह केला आणि ते बाहेर पडले. पुढें १९४१ सालीं शांतारामांनीं जयश्रीबाईंशीं विवाह केला, आणि १९४२ सालीं तेही बाहेर पडून त्यांनीं मुंबईस ‘राजकमल’ची स्थापना केली. विवाह हें निमित्त. एका बाजूस दामले-फत्तेलालांची संथ, तपशिलांत रमणारी भक्तिपर दृष्टि आणि दुसऱ्या बाजूस शांतारामांची धगधगती महत्त्वाकांक्षा, या दोहोंचा तोल जोंवर राहिला तोंवरच ‘प्रभात’ ही ‘प्रभात’ होती, असें मी समजतों. एकाच घराण्यांतून ‘तुकाराम’ आणि ‘कुंकू’ निघावे, हें त्या तोलाचेंच फळ.

तोल गेल्यावर काय झालें? ‘रामशास्त्री’ (१९४४) हा निःसंशय थोर चित्रपट; पण त्याचें दिग्दर्शन राजा नेने, विश्राम बेडेकर आणि गजानन जागीरदार अशा तिघांच्या हातांतून गेलें, ही घरांत कर्ता पुरुष न उरल्याची खूण होती. १९४५ सालीं दामले निवर्तले. गुणी माणसें त्यानंतरही येत होतीं, हें विसरतां कामा नये. १९४६ च्या ‘हम एक हैं’मध्यें देव आनंद प्रथम पडद्यावर आले, आणि गुरुदत्त त्याच सुमारास ‘प्रभात’मध्यें उमेदवारी करीत होते. १९५१ सालीं याच दोघांनीं मुंबईस ‘बाज़ी’ काढला, तो ‘नवकेतन’च्या नांवावर. म्हणजे बीं होतें, रोपटेंही उगवलें होतें. तें राखील असा माळी मात्र उरला नव्हता.

आतां दुसरी बाजू. शांतारामांचें जाणें हेंच एकमेव कारण असतें, तर इतर ठिकाणीं तशाच संस्था टिकून राहावयास हव्या होत्या. पण मुंबईच्या ‘बॉम्बे टॉकीज’चे हिमांशु राय १९४० सालीं वारले, १९४३ सालीं त्यांतून फुटून ‘फिल्मिस्तान’ निघाली, आणि १९५४ सालीं मूळ संस्था बंद पडली. कलकत्त्यास बीरेंद्रनाथ सरकार यांचें ‘न्यू थिएटर्स’ही त्याच सुमारास थांबलें. तीन शहरांतील तीन दीप एकाच दशकांत विझावे, यावरून वाराच उलटा सुटला होता हें उघड आहे. युद्धकाळांत कच्च्या फिल्मचें नियंत्रण आलें. त्याबरोबरच काळ्या बाजारांतील पैसा चित्रपटांत शिरला. महिन्याच्या पगारावर राबणाऱ्या नटास एका चित्रपटाचे रोख हजारों रुपये देणारे निर्माते निघाले. मग पगारावर कोण राहणार? स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी-समितीनें १९५१ सालीं या दुरवस्थेचें चित्र सरकारपुढें मांडलें. पण तोंवर रोग बळावला होता. शेंकडों माणसांचा पगार दरमहा चुकविणारी संस्था वर्षांतून दोनच चित्रपट काढूं लागली, कीं तिचा एक चित्रपट पडणें म्हणजे घराचा एक खांब पडणें होय.

मग ‘राजकमल’ कां टिकली, असें कोणी विचारील. ती एका माणसाची होती. त्याच्या इच्छेस विचारणारा कोणी नव्हता. टिकण्याची ती एक रीत झाली. ‘प्रभात’ची रीत अधिक उदार आणि म्हणूनच अधिक नाजूक होती. पांच मित्रांनीं आपल्या मैत्रीलाच घटना मानलें. मित्र न उरले तर काय, याची तजवीज मात्र केली नाहीं. आपल्या नाटक मंडळ्या, शाळा, मासिकें यांचा इतिहास चाळला, तर हीच चूक पानोपानीं आढळेल.

शांतारामांनीं ‘प्रभात’साठीं केलेला शेवटचा चित्रपट ‘शेजारी’ (१९४१). एक हिंदु, एक मुसलमान असे दोन जिवलग शेजारी. गांवांत धरण बांधावयास आलेला धनिक त्यांच्यांत तेढ पाडतो, आणि अखेर धरण फुटतें तेव्हां दोघे एकमेकांचा हात धरून प्राण सोडतात. भाटघरच्या बांधाखालीं वाढलेल्या आम्हां लोकांस धरण म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं वेल्हे तालुक्यांतील पानशेतचें धरण फुटलें, तें बांध पुरा होण्यापूर्वींच पाणी चढल्यामुळें. ‘प्रभात’वरही बाहेरून पाणी चढलें खरें, पण आंतील बांध धड असता, तर तिनें तें कांहीं काळ तरी तोलून धरलें असतें.

पुण्याच्या त्याच आवारांत १९६० सालापासून सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था चालते. जेथें शिकविल्यावांचून माणसें शिकत, तेथें आतां अभ्यासक्रम आहे. तो असावाच. मात्र तेथील तरुणांनीं ‘तुकाराम’ पाहतांना कॅमेऱ्याबरोबर ही गोष्टही ध्यानांत घ्यावी कीं, तो चित्रपट दोघांनीं मिळून केला होता, आणि त्या दोघांत कोणाचें काम कोणतें, हें कोणास वेगळें करून दाखवितां येत नाहीं.