बर्फाखालचा सॅमन : मेनच्या सरोवरांतील हिवाळी मासेमारी आणि बदलते हवामान

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्या मागे हटल्या, तेव्हा त्यांनी कोरलेल्या खोल खळग्यांत पाणी साचून हजारो लहानमोठी सरोवरे तयार झाली आणि त्यांपैकी काहींत अटलांटिक सॅमन या समुद्री माशाची एक शाखा कायमची वस्तीला राहिली. समुद्रात वाढायचे आणि अंडी घालण्यासाठी नदीत परतायचे हा सॅमनचा एरवीचा जीवनक्रम. या शाखेने मात्र समुद्राची वाट सोडून सरोवरालाच समुद्र मानले आणि अंडी घालण्यापुरते भोवतालच्या ओढ्यांत जाणे तेवढे ठेवले. असे मूळचे सॅमन सेंट क्रॉय, युनियन, पेनॉबस्कॉट आणि प्रिझम्पस्कॉट या चारच नद्यांच्या खोऱ्यांत होते. प्रिझम्पस्कॉटच्या खोऱ्यातील सेबॅगो सरोवरावरून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शार्ल जिरार या प्राणिशास्त्रज्ञाने या माशाला शास्त्रीय नाव दिले, आणि 1969 साली मेनने त्याला राज्याचा मासा म्हणून मान्यता दिली. सेबॅगोतच 1907 साली गळाला लागलेला साडेबावीस पौंडांचा सॅमन हा राज्याचा विक्रम मानला जातो. त्याच्या जोडीला या सरोवरांत ट्राउटच्या कुळातले, शास्त्राच्या दृष्टीने ‘चार’ या गटात मोडणारे दोन मासे आढळतात : ओढ्यांत आणि थंड तळ्यांत राहणारा ब्रूक ट्राउट, आणि खोल पाण्यात राहणारा लेक ट्राउट, ज्याला मेनचे लोक ‘टोग’ म्हणतात.

या माशांची हिवाळी मासेमारी समजून घ्यायची तर आधी पाण्याचा एक विलक्षण गुण लक्षात घ्यावा लागतो. पाणी सर्वांत जड असते ते चार अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झाले की ते पुन्हा हलके होऊन वर येते. त्यामुळे शरद ऋतूत सरोवराचा पृष्ठभाग थंड होत गेला की वरचे पाणी खाली बुडत राहते, सारे सरोवर ढवळून निघते, प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो, आणि सगळे पाणी चार अंशांवर आल्यावरच पृष्ठभागाला गोठण्याची मुभा मिळते. हिवाळाभर मग उलटी रचना टिकते : वर बर्फ, त्याला लागून शून्याजवळचे पाणी आणि तळाशी चार अंशांचे, म्हणजे त्या जगातले सर्वांत उबदार पाणी. टोग बहुधा तळ धरून राहतो, तर सॅमन स्मेल्ट नावाच्या वीतभरही न भरणाऱ्या चंदेरी माशांच्या थव्यांमागे फिरत बर्फाच्या अगदी खाली, हातभर पाण्यातही सापडतो. म्हणूनच मेनचा जुना मासेमार सॅमनसाठी आमिष बर्फाखाली काही फुटांवर ठेवतो आणि टोगसाठी तेच तळाला टेकवतो.

बर्फ केव्हा धरेल हे केवळ थंडीवर ठरत नाही. सेबॅगोची कमाल खोली 316 फूट असल्यामुळे उन्हाळ्यात त्याने साठवलेली उष्णता बाहेर पडायला फार काळ लागतो. शेजारची उथळ तळी डिसेंबरात गोठली तरी सेबॅगोचा मधला विस्तार जानेवारीच्या अखेरीपर्यंत किंवा फेब्रुवारीपर्यंत उघडा राहतो, आणि काही हिवाळ्यांत तर गोठतच नाही. त्यातही वारा असेल तर लाटा कोवळा पापुद्रा मोडून टाकतात; कडाक्याची आणि त्याच वेळी निवांत अशी एखादी रात्र मिळाली तरच मोठे सरोवर ‘बंद’ होते. पहिला बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो आणि खालच्या पाण्यामुळे काळा दिसतो. हा काळा बर्फ चार इंच जाड असला तर माणसाचे वजन पेलतो असा रूढ संकेत आहे. पण तो जाड होण्याआधीच जोराचा हिमवर्षाव झाला तर दुहेरी नुकसान होते : हिमाची दुलई गारठा खाली उतरू देत नाही म्हणून बर्फ वाढत नाही, आणि तिच्या भाराने तो खाली दबून भेगांतून पाणी वर येते, त्याचा राडा होतो. हाच राडा पुढे गोठून पांढरा बर्फ बनतो, जो काळ्या बर्फाच्या साधारण निम्म्या बळाचा धरला जातो. तेव्हा भरपूर हिम म्हणजे भरपूर बर्फ हा बाहेरच्या माणसाचा समज येथे नेमका उलटा ठरतो, आणि जानेवारीत मध्येच पडणारा पाऊस तर सगळाच हिशेब बिघडवतो.

या प्रदेशातील मूळ रहिवासी वाबानाकी लोक बर्फाला भोक पाडून मासे धरत आले होते; युरोपीय वसाहतकारांनी ती रीत उचलली आणि तिला गळ, दोरी व पहारीची जोड दिली. एकोणिसाव्या शतकातील शेतकऱ्याला हिवाळ्यात शेतात काम नसे, तेव्हा बर्फाखालचा टोग हे घरच्या ताटातले ताजे अन्न असे आणि उरलेला मासा थंडीमुळेच न नासता बाजारात जाई. त्याच काळात बर्फ स्वतःच व्यापाराचा माल झाला. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1833 साली ‘टस्कनी’ जहाजातून सुमारे 180 टन बर्फ कोलकात्याला धाडला, त्यातला सुमारे 100 टन टिकून पोहोचला, आणि लवकरच असा बर्फ मुंबईतही उतरू लागून तेथे त्यासाठी बर्फघर उभे राहिले; मुंबईकर धनिकांच्या मेजवान्यांत विरघळलेला तो बर्फ न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मेनसह अमेरिकेच्या ईशान्य राज्यांच्या, तळ्यांचा होता. या व्यापारालाही हवामानाचा तोच न्याय लागू होता. न्यूयॉर्कला बर्फ पुरवणाऱ्या हडसन नदीवरचा हिवाळा सौम्य गेला की मेनच्या केनेबेक नदीवर करवती चालवणाऱ्यांची चांदी होई, आणि 1890 चा हिवाळा त्यासाठी गाजला.

हिवाळी मासेमारीचे खरे भांडण मात्र हवामानाशी नव्हे, उन्हाळी पाहुण्यांशी झाले. 1860 च्या दशकानंतर आगगाडीने येणारे बॉस्टन-न्यूयॉर्कचे हौशी गळकरी रेंजली आणि मूसहेड सरोवरांकाठी हॉटेले व क्लब गजबजवू लागले, आणि कृत्रिम माशी बांधून, दांडी फिरवून मासा धरणे हीच सभ्य मासेमारी, बर्फात भोके पाडणे म्हणजे लूट, असा त्यांचा आग्रह कायद्यात उतरू लागला. या आग्रहात माशांची काळजी होती तितकाच वर्गाचा तोराही होता, असे म्हणणे भाग आहे. ज्याला उन्हाळ्यात पाहुण्यांची होडी वल्हवायची होती त्याला स्वतःच्या घरासाठी मासा धरायला हिवाळाच उरत असे. कायदा मात्र कुंपण घालत गेला. रेंजली सरोवरात बर्फातून मासेमारीला आजही मनाई आहे. शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात बर्फातून लेक ट्राउट धरता येतो, पण सॅमन धरता येत नाही. गंमत अशी की रेंजलीचा मूळचा ‘ब्लूबॅक’ ट्राउट तेथून नाहीसा झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि त्याच्या ऱ्हासात पाहुण्यांच्या हौसेखातर 1870 च्या दशकात बाहेरून आणून सोडलेल्या सॅमनचा वाटा मोठा होता.

जेथे परवानगी राहिली तेथे या धंद्याची, किंवा आता छंदाची म्हणावे, सामग्री फारशी बदलली नाही. पहारीची जागा हाताने फिरवायच्या आणि पुढे यंत्राने चालणाऱ्या मोठ्या गिरमिटाने घेतली. भोकावर आडवी ठेवायची, मासा ओढताच झेंडी वर उडवणारी लाकडी चौकट, जिला मेनमध्ये ‘ट्रॅप’ म्हणतात, ती मात्र तशीच आहे, आणि एका माणसाला अशा पाचच दोऱ्या लावण्याची मुभा आहे. वाऱ्यापासून आडोशाला शेगडी पेटवलेले लाकडी खोपटे बर्फावर ओढत न्यायचे आणि हंगाम संपताच कायद्याप्रमाणे काठावर आणायचे, हाही जुनाच रिवाज.

वादळ येण्याआधी हवेचा दाब उतरू लागला की मासा अधाशासारखा गळ गिळतो, आणि वादळानंतरच्या स्वच्छ, चढत्या दाबाच्या थंडीत तोंड उघडत नाही, ही या मंडळींची ठाम समजूत आहे. तिचे कारण म्हणून माशाच्या पोटातील वाताशय, म्हणजे तरंगण्यासाठी असलेली हवेची पिशवी, पुढे केली जाते. हिशेब मात्र त्या कारणाला साथ देत नाही : दाबातील एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर पाण्याचा भार, म्हणजे जबर वादळात दाब तीस हेक्टोपास्कलने उतरला तरी माशाच्या दृष्टीने तो फूटभर वर सरकण्याइतकाच बदल, आणि तेवढा बदल तो भक्ष्यामागे धावताना पावलोपावली करतो. शिवाय सॅमन-ट्राउटच्या वाताशयाला घशाशी जोडणारी नळी असते, तिच्यातून ते हवा सोडू शकतात. समजुतीत तथ्य असलेच तर ते दाबाबरोबर बदलणाऱ्या उजेडात शोधावे. बर्फावर हिमाचा थर चढला की खालचे पाणी अंधारते आणि डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशाचे वागणे बदलते, हे अधिक पटण्याजोगे आहे.

दीर्घकालीन बदलाचा पुरावा मात्र अशा समजुतींवर अवलंबून नाही, आणि याचे श्रेय हवामानशास्त्राशी काही संबंध नसलेल्या माणसांना जाते. सरोवरावरचा बर्फ वसंतात फुटून पाणी मोकळे होण्याच्या दिवसाला तेथे ‘आइस-आउट’ म्हणतात. बोटीचे मालक, लाकडाचे ओंडके वाहून नेणारे आणि पैजा लावणारे गावकरी तो दिवस वह्यांत टिपून ठेवत. मूसहेडची अशी नोंद 1848 पासूनची आहे. न्यू हॅम्पशायरच्या विनिपेसॉकी सरोवराची नोंद 1887 पासून आहे आणि तेथे ‘माउंट वॉशिंग्टन’ ही बोट पाचही धक्क्यांना पोहोचू शकेल तो दिवस आइस-आउट धरला जातो. सर्वांत उशिराची तारीख 12 मे 1888 ची, तर सर्वांत लवकरची 17 मार्च 2024 ची. या विखुरलेल्या वह्या एकत्र करून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील ग्लेन हॉजकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली न्यू इंग्लंडच्या 29 सरोवरांचा अभ्यास मांडला, त्यात 1850 ते 2000 या काळात बर्फ फुटण्याचा दिवस उत्तरेकडील व डोंगराळ भागात सरासरी 9 दिवसांनी आणि दक्षिण भागात 16 दिवसांनी अलीकडे आल्याचे दिसले.

मासेमाराला यातून पहिला तोटा दिसतो तो हंगामाचा, पण माशाचे नुकसान पुढे, उन्हाळ्यात होते. बर्फ लवकर गेला की वरचे पाणी लवकर तापते, उबदार थर थंड तळावर झाकणासारखा अधिक महिने बसून राहतो, आणि वरून नवा प्राणवायू न मिळालेल्या तळाशी टोगला व उन्हाळ्यात खोल जाणाऱ्या सॅमनला हवे असलेले थंड, प्राणवायूयुक्त पाणी कमी होत जाते. स्मेल्ट तर आइस-आउटच्या सुमारासच ओढ्यांत अंडी घालतो, म्हणून त्या आठवड्यांतले पूर आणि कोरडे दिवस थेट त्याच्या पुढच्या पिढीवर येतात.

सेबॅगोत या प्रश्नाला आणखी एक पीळ पडला आहे. 1960 च्या दशकात तेथील सॅमन आणि स्मेल्ट दोघांचीही दैना झाली, त्यासाठी डीडीटी या कीटकनाशकाकडे बोट दाखवले गेले. पुढच्या दशकात सॅमनच्या मासेमारीला पर्याय म्हणून सरोवरात टोग सोडण्यात आला. टोग तेथे इतका रुजला की तो सॅमनच्या तोंडचा स्मेल्ट खाऊ लागला, आणि सॅमन मोठे करायचे तर टोग कमी केला पाहिजे असे राज्याच्या मत्स्यखात्याचे धोरण ठरले. हे काम मत्स्यखाते स्वतः जाळी लावून करत नाही. ते हिवाळी मासेमारांवर सोपवलेले आहे, कारण तळाशी असलेला टोग बर्फावरून सर्वांत सहज निघतो. स्थानिक रोटरी क्लबची बर्फावरची स्पर्धा टोग विरळ करण्याच्या हेतूनेही भरते, आणि बर्फ पुरेसा न धरल्यामुळे ती एकाहून अधिक वर्षी रद्द करावी लागली आहे. म्हणजे सौम्य हिवाळा आला की मासेमार घरी बसतो, टोग वाचतो, स्मेल्ट संपतो आणि त्या वर्षी कोणीही गळ न लावलेला सॅमन पुढच्या वर्षी हडकुळा निघतो. बर्फ दरवर्षी धरणारच हे गृहीत धरून आखलेले हे व्यवस्थापन सेबॅगोपुरते तरी आता अपुरे आहे, आणि टोग कमी करण्याचे काम उघड्या पाण्यात, होडीतून कसे करून घ्यायचे हे मत्स्यखात्याला ठरवावे लागेल.