मकर राशीचा पत्ता

मागे एका कविसंमेलनानंतर आम्ही जेवायला बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी भातात वरण कालवता कालवता विचारलं, “तुमच्यात रास असते का हो?” विचारण्यात कुचकेपणा नव्हता, कुतूहल होतं. मी म्हटलं, “असते की. माझी मकर.” गृहस्थ एकदम खूश. “तरीच!” म्हणाले, “मकरेची माणसं अशीच. अबोल, चिवट, कामसू आणि खिशात हात घालताना दहा वेळा विचार करणारी. शनीची रास ना!” मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. अबोल आहे म्हणून नव्हे, तोंडात घास होता म्हणून.

खरं सांगायचं तर माझ्या राशीचा कागदोपत्री पुरावा काहीच नाही. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. माझ्या पिढीतल्या निम्म्या मुलांची ती तशीच आहे, कारण गुरुजींना ती सोयीची होती. त्या तारखेनं मी मिथुनेचा. पण अम्मा सांगायची, “संक्रांत हुई, उसके दुसरे दिन तू हुया.” सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती, शेजारच्या काकूंनी आदल्या संध्याकाळी तिळगूळ आणून दिला होता आणि पहाटे मी झालो. साल १९७०. संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे किंक्रांत, करीचा दिवस. “करीला झालाय, कुणाला सांगू नका,” असं काकूंनी अम्माला बजावलं म्हणे. अम्मानं ते गावभर सांगितलं.

अम्मानं मुलाचा जन्म शेजारणीच्या सणावरून का लक्षात ठेवला? आमचं वर्ष चांद्र. त्यात अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान काय, ईद काय, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि तेहेतीसएक वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. नुसतं ‘रमजानमध्ये झाला’ म्हटलं, तर थंडी होती की पाऊस हे काही कळत नाही. संक्रांत जागची हलत नाही असं अम्माला वाटे. पुष्कळ वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

आता हा मकर मुळात आहे कोण, ते पाहू. त्याचं पहिलं घर बाबिलोनमध्ये. तिथल्या जमिनीच्या दानाच्या दगडांवर देवांच्या खुणा कोरलेल्या असत. त्यांत एक प्राणी दिसतो. पुढून बकरा, मागून मासा. गोड्या पाण्याचा आणि शहाणपणाचा देव एआ, त्याचं हे वाहन. आकाशाच्या पट्ट्याचे बारा सारखे भाग पाडायची पद्धतही तिथलीच, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपासची. ग्रीकांनी ती उचलली आणि या प्राण्याला बकऱ्याच्या शिंगांवरून ‘ऐगोकेरोस’ म्हटलं. अरबांनी त्याची शेपटी सोडून दिली आणि नुसतं ‘जदी’, म्हणजे करडू, हे नाव ठेवलं.

आपल्याकडची गंमत याहून मोठी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं ‘बृहज्जातक’ या ग्रंथात मकरेचं दुसरं नाव ‘आकोकेर’ असं दिलं आहे. हे संस्कृत वाटतं तरी आहे ग्रीक, त्या ऐगोकेरोसचंच आपल्या तोंडात रुळलेलं रूप. तिथेच तो या मकराचं तोंड हरणाचं असल्याचं सांगतो. म्हणजे बकऱ्याचं हरीण झालं, माशाचा मगर झाला, पण अर्धा जमिनीवरचा आणि अर्धा पाण्यातला हा जुना सांधा टिकून राहिला. मकर तर आपल्याकडे आधीपासून होताच. गंगेचं वाहन तो, मदनाच्या ध्वजावर तो, देवळाच्या तोरणावर तो आणि विठोबाच्या कानांतली कुंडलंही त्याचीच. पाहुणा आला, त्याला घरातल्याच एकाचं नाव दिलं आणि तो घरचा झाला.

नाव आलं तसा स्वभावही आला. मकर शनीची का, याचं कारण दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीनं लिहून ठेवलं आहे आणि ते सरळ ऋतूचं आहे. सूर्य आणि चंद्र ही उब देणारी, म्हणून त्यांना ऐन उन्हाळ्याच्या सिंह आणि कर्क या राशी. शनी त्यांच्यापासून सगळ्यांत दूरचा, थंड, म्हणून त्याला त्यांच्या समोरच्या, कडक हिवाळ्याच्या मकर आणि कुंभ. म्हणजे आधी थंडी आणि मग शनी. भूमध्य समुद्राच्या काठचा डिसेंबर-जानेवारी डोळ्यांपुढे आणा. दिवस आखूड, आकाश करडं, समुद्र खवळलेला म्हणून गलबतं बंदरात, कोठारातलं धान्य पुरवून पुरवून खायचं. त्या दिवसांत शहाणा माणूस कसा वागेल? कमी बोलेल, जपून खर्च करेल, दम धरेल. ऋतूचं हे चित्र पुढे त्या ऋतूत जन्मलेल्या माणसाचं म्हणून खपलं, असं माझं मत आहे. ज्योतिषी मंडळींनी रागावू नये.

अकराव्या शतकात ख्वारिझमचा अल्-बिरुनी हे सगळं ज्ञान एका पुस्तकात मांडतो. पुस्तकाचं नाव ‘तफहीम’, साल १०२९, आणि ते लिहिलं रैहाना नावाच्या, हसनच्या मुलीसाठी, प्रश्नोत्तरांच्या रूपात. त्यात मकर म्हणजे जदी थंड आणि कोरडी, पृथ्वीतत्त्वाची, शनीचं घर, आणि शरीरात तिची जागा गुडघ्यांची. वराहमिहिराच्या कालपुरुषाच्या अंगावरही मकर गुडघ्यांतच आहे. माझे गुडघे गेली चार वर्षं दुखतात, पण त्याचं श्रेय मी राशीला न देता आमच्या तीन मजल्यांच्या जिन्याला देतो. बिरुनीनं हे सगळं इमानानं लिहिलं आणि त्याच पुस्तकात, या फलज्योतिषावर आपला स्वतःचा भरवसा अगदी थोडा आहे हेही नोंदवून ठेवलं. शिकवायचं पूर्ण, मानायचं आपल्या अकलेनं. असे मास्तर मला फार आवडतात.

आता सोलापूरचा जानेवारी पाहा. ज्वारी हुरड्यात आलेली, शेतात आगट्या पेटलेल्या. संक्रांतीच्या सुगडात बायका काय भरतात? ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, ओल्या शेंगा. वर्षभरात घर एवढं भरलेलं क्वचितच असतं आणि तेव्हाच ते उचलून शेजारणीला वाण म्हणून द्यायचं असतं. या दिवसांत जन्मलेल्या पोराला कंजूष म्हणायचं म्हणजे काय? अलेक्झांड्रियाची थंडी आमच्या माथी मारण्यासारखं आहे ते.

शिवाय आपल्याकडे पत्रिकेतली रास धरतात ती चंद्राची, सूर्याची नव्हे. रविवारच्या पुरवणीत बाराजणांचं भविष्य वाचताना निम्मे वाचक एका हिशेबानं वाचतात आणि निम्मे दुसऱ्या. दोघांनाही ते लागू पडतं हे विशेष.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मकरेला घर आहे, आणि ते घर सरकतं.

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एका डुलण्याला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळे सूर्य उत्तरेकडे वळतो त्या क्षणी त्याच्यामागे जे तारे असतात, ते हळूहळू बदलतात. वराहमिहिराला हे दिसलं होतं. ‘बृहत्संहिते’त तो म्हणतो, की जुन्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितलं आहे, तेव्हा ते एके काळी तसं असलंच पाहिजे. पण आज ते मकरेच्या आरंभी होतं. सांगितलेलं आणि दिसलेलं जुळत नसेल, तर प्रत्यक्ष पाहून ठरवा. जुन्या ग्रंथांना खोटं न ठरवता, आणि त्यांच्यासाठी आकाशालाही खोटं न पाडता, त्यानं हे दोन ओळींत मिटवलं.

वराहमिहिराचं ‘आज’ही आता मागे पडलं. मकरारंभ आणि उत्तरायण यांची गाठ पडली होती ती तिसऱ्या ते सहाव्या शतकाच्या दरम्यान, कोणाचं गणित धरता त्याप्रमाणे. आता दिवस मोठा व्हायला लागतो २१-२२ डिसेंबरला आणि आपली संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. शाळेच्या भूगोलातलं मकरवृत्तही जुन्याच पत्त्यावर आहे. डिसेंबरात सूर्य त्या वृत्तावर असतो तेव्हा त्याच्यामागचे तारे धनूचे असतात. लोकमान्य टिळकांच्या नावानं चालणाऱ्या पंचांगाची संक्रांत तर १० जानेवारीच्या आसपास पडते, कारण त्यात राशीचक्राचा आरंभबिंदू वेगळा धरला आहे.

ज्यांनी राशी ताऱ्यांऐवजी ऋतूला बांधल्या, त्यांचा मकर वेगळा. इराण-अफगाणिस्तानच्या सौर वर्षाचा आरंभ नवरोजला, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा. त्या हिशेबानं जदी डिसेंबरातल्या सर्वांत लांब रात्रीनंतर लागते, दर वर्षी, न चुकता. अकबराचं १५८४ साली सुरू झालेलं इलाही वर्षही नवरोजचंच. १६१८ साली जहांगीरनं नाण्यांवर महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचं चित्र घालायचा हुकूम दिला आणि अहमदाबादच्या टांकसाळीत तसे रुपये पडले. दहावा महिना ‘दै’, त्याची रास मकर. म्हणजे आजच्या कॅलेंडरच्या तारखा धरल्या, तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बादशहाच्या रुपयावर सूर्य मकरेत गेलेला आणि आमच्या दख्खनच्या पंचांगात तो अजून धनूतच. धुंधुरमास चालू, पहाटे खिचडी शिजते आहे. सूर्य एकच, मकर दोन. याच्यावरून कुणी भांडल्याचं माझ्या वाचनात नाही. आपलं १९५७ पासूनचं राष्ट्रीय कॅलेंडरही याच ऋतूच्या बाजूचं. त्याचा सौर पौष २२ डिसेंबरला लागतो. सकाळी रेडिओवर ती तारीख सांगतात, आपण लक्ष देत नाही एवढंच.

ताऱ्यांना बांधलेली आपली संक्रांत मात्र सुमारे ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. लीप वर्षामुळे ती मधूनच मागे-पुढे होते, पण ओढ पुढेच. विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी १८६३. ही तारीख लक्षात ठेवा आणि आणखी शंभर वर्षं मागे चला.

पानिपतचं युद्ध १४ जानेवारी १७६१ला झालं. ते ‘ऐन संक्रांतीला’ झालं असं आपण भाषणांत, नाटकांत, अगदी शाळेतही ऐकलेलं आहे. मीसुद्धा एका जुन्या कवितेत तसं लिहून बसलोय. पण १८६३ साली संक्रांत १२ तारखेला असेल, तर १७६१ साली ती १४ला कशी येईल? ती १० जानेवारीच्या सुमाराला होऊन गेली होती. युद्धाचा दिवस पौष शुद्ध अष्टमीचा, बुधवार. सूर्य मकरेत होता हे खरं, इराणी हिशेबानंही जदी संपायला पाच-सहा दिवस होते. त्या दिवशी दोन्ही छावण्यांचा मकर एकच होता. पण संक्रांत नव्हती. आजची तारीख आपण बेधडक मागे नेऊन चिकटवली.

एवढ्याशा चार दिवसांनी काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, बिघडतं. पंचांगातली संक्रांत एखाद्या वाहनावर बसून येते, ती ज्याला शिवेल ते महागतं, ज्या दिशेला पाहील तिथे संकट, असं आपण मानत आलो. ‘संक्रांत कोसळली’ हा शब्दप्रयोग तोंडात तयारच आहे. मग पानिपतावर संक्रांत कोसळली, असं म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. भाऊसाहेबांची छावणी नोव्हेंबरपासून अडकून पडली होती. रसद तोडली गेली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि धान्याची आशा संपली. दक्षिणेतली माणसं उत्तरेच्या थंडीत, अर्धपोटी. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून बाहेर पडली. त्यांच्यात इब्राहिमखान गारदी होता आणि त्याची पलटणंही होती. दुपारपर्यंत ती तोलून लढली. हे सगळं माणसांनी केलेलं आणि माणसांनी भोगलेलं आहे. त्यात मकरेचा काय दोष? ती कविता मी पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करणार आहे.

अम्मा २०१९ साली गेली. रमजानचा दहावा रोजा होता, मे महिना, सोलापूरचं ऊन. तिच्या वर्षाचा फातेहा आम्ही चांदाच्या तिथीनं करतो, त्यामुळे तो दर साली अलीकडे येतो. एकदा सहज पुढचा हिशेब मांडून पाहिला. २०३० साली रमजान जानेवारीत आहे आणि चांद एखाद्या दिवसानं इकडे-तिकडे झाला नाही, तर दहावा रोजा १५ तारखेला पडतो. त्या वर्षी संक्रांत १४ची. म्हणजे किंक्रांतीलाच.

काकूही आता नाहीत. त्यांची सून दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येते. तिला मी आत्ताच सांगून ठेवलं आहे, त्या वर्षी मगरीबची अजान झाल्यावर ये.