कुत्रा-मांजराच्या वर्षाच्या खर्चाचा हिशेब

पवनी तालुक्यातील आसगावसारख्या धानपट्ट्यातील गावात कुत्रा विकत आणण्याची वेळ सहसा येत नाही. पिलू कोणीतरी देते अथवा ते आपणहून अंगणात येते. प्राणी फुकट मिळाल्यामुळे वर्षाचा खर्च मांडून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. पैसे कमी पडले की पहिली कात्री लसीला लागते, आणि नेमका तोच खर्च टाळण्याजोगा नसतो.

सर्वांत मोठी बाब आहाराची. सुमारे 15 किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला अंदाजे 250 ग्रॅम कोरडे खाद्य लागते. म्हणजे वर्षाला 91 किलो. चार किलोच्या मांजरास 60 ग्रॅमप्रमाणे 22 किलो पुरते. दुकानातील भावाने या आकड्यांना गुणावे. घरचे अन्न स्वस्त पडते हे खरे. परंतु कण्यांचा भात आणि वरण म्हणजे पूर्ण आहार नव्हे. अंडी, मासळी वा मांसाची जोड हवी. त्यासाठी दिवसाला अवघे 10 रुपये धरले तरी वर्षाचे 3,650 होतात. मांजराला तर मांसाहार अनिवार्यच. केवळ दूध-भातावर ठेवल्यास टॉरिनच्या अभावी त्याची दृष्टी व हृदय अधू होऊ शकते. कांदा घातलेली उरलेली भाजी मात्र दोघांनाही घातक.

रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, दुसरी वर्षभराने व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, बहुधा दरवर्षी द्यावी लागते. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वा जनावर जवळजवळ कधीच वाचत नाही. पिलाला पार्व्हो, डिस्टेंपरच्या मात्राही लागत असल्याने पहिल्या वर्षाचा हिशेब वेगळा मांडावा. जंतनाशक दर तीन महिन्यांनी, म्हणजे वर्षातून चारदा. शिवाय गोचिडांचे औषध. मादीची नसबंदी एकदाच करावी लागते. ती टाळल्यास सुमारे 63 दिवसांच्या गर्भकाळानंतर खाणारी तोंडे वाढतात.

2012 मध्ये घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच तालुक्यात पसरले आहे. रात्री मोकळा राहणारा कुत्रा बिबट्याचे सोपे भक्ष्य. तेव्हा बंदिस्त खोपटाचा खर्चही धरावा.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागल्यास उपचारांखेरीज गाडीभाडेही द्यावे लागते. त्यासाठी वेगळी शिल्लक हवी. धानाचे चुकारे हाती येतात तेव्हाच ती बाजूला काढावी. शक्य असल्यास लसीची तारीखही थोडी अलीकडे ओढून त्याच सुमारास आणावी.